मॉरिशसच्या फळ्यावरचं ‘हाय’

प्रिय रावजी,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, फुगू नकोस. परवा रेवदंड्याच्या सत्कारात तू माइकवरून सांगितलंस, मॉरिशसच्या शाळेत पंधरा दिवस फुकट शिकवलं. फुकट? माझी बायको ठमी सहल संपवून एकटी परत आली, ती महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. माझा जुना ड्रायव्हर कंटाळून दुसरीकडे लागला. आपलं पहिलीपासूनचं येणं-जाणं बंद झालं. आणि एका म्हातारीचं बोलणं गेलं, ते तर तू धरतच नाहीस. त्या दिवशी मी मागे, स्पीकरच्या खोक्याजवळ बसलो होतो. ‘तिथली मराठी मी सुधारून आलो.’ टाळ्या पडल्या. मी उठून बाहेर आलो.

हौस तुझी होती. सहलीच्या सहाव्या दिवशी आपण त्या गावच्या मराठी मंडळात चहाला गेलो काय, सेक्रेटरी स्वराजनं सहज म्हटलं काय, की शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, घरात सगळे क्रिओल बोलतात, पोरांच्या कानावर मराठी पडते ती या वर्गातच. तू बशी खाली ठेवायच्या आत ‘मी थांबतो’ म्हणालास. मग परक्या देशात एकटं राहायची भीती वाटली, तसा माझा दंड धरलास. ‘हिरामणपण थांबतो, मदतीला.’ मदत म्हणजे फळा पुसायचा आणि खडू द्यायचे. वर दम दिलास, ‘पोरांसमोर तोंड उघडू नकोस, तुझं हाय-न्हाय त्यांच्या कानात जाईल.’ अरे, मिठागरात टोपल्या वाहणाऱ्याचा मुलगा मी. सात ट्रक उभे केले ते व्याकरणावर नाही, कानावर आणि तोंडावर. वजनकाट्यावरचा माणूस असो की बंदरातला साहेब, दोन मिनिटांत बोलता करतो. माझ्याशी बोलणार नाही असं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

तिखट लावलेल्या अननसांनी तुझं पोट बिघडलं, त्या दिवशी वर्ग माझ्याकडे आला. ओटीवर मनुबाई बसलेली. नातीला, प्रणालीला, न्यायला रोज यायची. ऐंशीच्या पुढची, कधी बोलायची नाही. मी आत गेलो आणि सवयीनं पोरांना विचारलं, ‘कोण कोण हाय?’ तर ओटीवरून म्हातारी पुटपुटली, ‘मी हाय.’ माझे कान टवकारले. तिला हाताला धरून आत आणलं. तिची आजी असं बोलायची म्हणे, आणि आजी गेल्यापासून तिला बोलायला कोणी उरलं नव्हतं. मी फळ्यावर ‘हाय’ लिहिलं. ती ‘मी हाय’ म्हणाली की अख्खा वर्ग तिला हात हलवून ‘हाय!’ करायचा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली ती. मग ‘न्हाय’ निघालं, ‘व्हय’ निघालं, एका गाण्याची दीड ओळ निघाली. प्रणाली तर आजीचा पदर ओढून ‘आणखी, आणखी’ करत होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारी वेळेआधी आली. रात्रीतून आठवलेले शब्द घेऊन पुढच्या बाकावर बसली. आणि तू बरा होऊन आला होतास. फळा पुसलास. म्हणालास, ‘मावशी, तुमचं चुकतं. आहे म्हणा, आहे.’ ती बिचारी तोंड जुळवून म्हणाली, ‘आ... हाय.’ पोरं हसली. तू पुन्हा म्हणायला लावलंस. पुन्हा ‘आ-हाय.’ तिसऱ्यांदा सांगितलंस तशी ती उठली आणि ओटीवर जाऊन बसली. उरलेले दिवस तिनं आत पाऊल टाकलं नाही. तुला तर ते दिसलंही नाही, तू पोरांकडून ‘नाही’ घोटवून घेत होतास.

आता लाल पेन खाली ठेव आणि वाच. गेल्या आठवड्यात स्वराजचा फोन आला. मंडळ जुन्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतंय. त्या गावात घरातून आलेली मराठी एवढ्या एका म्हातारीकडे उरली आहे आणि ती तोंड उघडत नाही. क्रिओलमध्ये सांगते, मास्तर म्हणाले ते चूक आहे, मग चुकीचं कशाला भरून ठेवता? तिची तब्येतही आता बरी नसते. हे तुझ्याशिवाय कोणाला पुसता येणार नाही, म्हणून लिहिलं, नाहीतर तुझ्या दारात मी कागदसुद्धा टाकला नसता. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सकाळी दहाला लाव. नंबर मागच्या बाजूला आहे. चूक माझी झाली म्हण. आणि तुमचं बरोबर हाय, असं म्हण. ‘आहे’ म्हणालास तर याद राख.

मीच का नाही सांगत, असं तू विचारशील. त्या दिवशी ‘आ-हाय’ला पोरांबरोबर मीपण हसलो, आणि तिनं नेमकं माझ्याकडेच बघितलं. पाच वेळा फोन केला. ती माझ्याशी बोलत नाही.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
हिरामण