खालून चढणारा सूर

प्रिय भोंग्या,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र आईच्या हाती देते आहे. दुधाच्या पेल्याबरोबर ती ते आत आणेल. तिच्यावर डाफरू नकोस. जबड्यातली गाठ तुझी असली तरी झोप तिची उडाली आहे. ऑपरेशन करणार नाही म्हणून डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून तू ताडकन उठून आलास, तेव्हापासून ती स्वतःच्या घरात चोरासारखी वावरते. भांडंसुद्धा वाजू देत नाही.

आधी चांगली बातमी. आपला पहिलावहिला अल्बम आला. खोकं मी आणि ढोल्यानं फोडलं. कव्हरवर आपण पाचही जण आहोत. ढोल्याचे डोळे मिटलेत, मी कर्ज नाकारणाऱ्या मॅनेजरीणबाईंसारखी दिसते आणि तू उजवा गाल कॅमेऱ्यापासून चुकवला आहेस. फोटो काढताना मला वाटलं होतं, स्वारी भाव खातेय.

ते रेकॉर्डिंग सारखं डोळ्यांपुढे येतं रे. टायरच्या गोदामावरची खोली, रबराचा वास, ढोल्याचे ड्रम भिंतीला टेकवलेल्या गाद्यांच्या आड. रेकॉर्डिंगवाला तिघांना तीन माइक देत होता, तू हट्टानं एकच लावायला लावलास. ट्रंपेट, माझा सॅक्सोफोन आणि तुझा ट्रॉम्बोन एकाच श्वासात ऐकू यायला हवेत, म्हणालास. दुसऱ्या गाण्यात तिघांनी एकदम हाणायचा तो सूर आठवतो? आम्ही दोघांनी हाणला. तू मात्र खालून हळूहळू घसरत वर आलास, अर्धी मात्रा उशिरा. मी डोळे वटारले, तर म्हणतोस, अगं ताई, माणसांना नाचताना कंबर वळवायला जरा वेळ नको का! सगळे खो खो हसलो. पुढच्या खेपेला ढोल्यानं तुझ्यासाठी ठोका जरा मागे ओढला, त्याच्यामागे बासवाला गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गाण्यांना तीच लय आली. इतकी वर्षं फंक फंक म्हणून आपण जी कंबर हलवणारी लय शोधत होतो ती सापडली, असं ट्रंपेटवाला म्हणाला आणि त्यानं तुला मिठी मारली. तू कळवळलास. आम्हाला तेही नाटक वाटलं.

आता कळतंय. एकदम हाणायचं तर ओठ एकदम आवळावे लागतात, आणि आवळले की कळ कानापर्यंत जायची. म्हणून तू चाचपत चाचपत वर चढत होतास. तू कळ चुकवत होतास आणि आम्ही तिच्यावर ताल धरून नाचत होतो. मी तुझ्या शेजारी उभी होते, भोंग्या. हातभर अंतरावर. मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

आणि हेच लोकांना आवडलंय. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात दिवसभर आपला अल्बम लागतो. एक पोरगी एका पायात नवा बूट, एका पायात जुनी चप्पल घालून आरशासमोर नाचत होती, तिची आई ओरडत होती. पेपरात एकानं लिहिलंय की ट्रॉम्बोनचा हा खट्याळ आळस म्हणजे या बँडचा प्राण आहे. मी ते बसमध्ये वाचलं आणि भर गर्दीत रडले.

मग उतरून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. तुला जे सांगितलं तेच त्यांनी मलाही सांगितलं. अर्धा जबडा काढायचा, पायाचं हाड तिथे बसवायचं. जेवशील, बोलशील, पण तोंडात हवा कोंडता येणार नाही. वाजवणं संपलं. आणि उन्हाळ्यानंतर आलास तर गाठ इतकी पसरलेली असेल की त्या हातही लावणार नाहीत. भाजीवालीशी घासाघीस करावी तशी मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. उत्तर बदललं नाही. तू मात्र आईला सांगतोस, आधी अल्बमचा कार्यक्रम, मग उन्हाळ्यातला दौरा, मग बघू. माझ्याशिवाय तो सूर कोण लावणार, बँड तोंडावर पडेल. बँडचं ताईला विचार, एवढंच ती म्हणते बिचारी.

तर ताई सांगतेय, ऐक. चार दिवसांपूर्वी मी त्या इस्त्रीवाल्याला बोलावलं. हो, तोच, हॉटेलांतल्या पार्ट्यांत वाजवणारा, ज्याचे सूर तुला इस्त्री करून घडी घातल्यासारखे वाटतात. त्यानं सगळी गाणी बसवली आहेत. तुझी घसरणसुद्धा. त्यानं ती वाईट वाजवावी म्हणून मी मनात धावा करत होते, पण तो बरी वाजवतो. कार्यक्रमाच्या जाहिरातीत त्याचं नाव छापायला दिलंय, दौऱ्याचं तिकीटही त्याच्याच नावावर काढलंय. ढोल्या तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बँडला तुझी गरज उरलेली नाही, भोंग्या, आणि ऑपरेशन लांबवायला तुझ्याकडे कारणही उरलेलं नाही. सोमवारी सकाळी तुला ऑपरेशनला न्यायला मी खाली गाडी घेऊन उभी असेन. शिव्या देत उतर, पण उतर. नंतर जन्मभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. मला फक्त तो तुझा जन्मभर मोठा हवाय.

तुझीच,
ताई