अंगावर आलेली देवी

३ फेब्रु.
पांढऱ्या गोळीने नुसती मळमळ. डॉ. म्हणाले, एचआयव्हीने अंगातली ताकद फार उतरलीय, छातीत न्यूमोनिया शिरू नये म्हणून ही. एचआयव्हीच्या गोळ्या वेगळ्या. सगळ्या ज्वारीच्या कोठीत. कोपरगावात घेतल्या तर दिवेलागणीपर्यंत गावभर दवंडी, म्हणून नगर गाठते. घरात सांगितलंय, गुडघा दाखवते. दीर आणि थोरली जाऊ अक्का, दोघांनी मान डोलावली. विश्वास कसला, विचारायचा कंटाळा.

५ फेब्रु.
ताप. अंगभर पुरळ, आता तोंडावरही. अक्काने दारातून पाहिलं आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. "सुमन, देवी आल्यात गं तुला." इतक्या वर्षांत 'जेवलीस का' असं विचारलं नाही या बाईने. गोळीचं सांगावं, तर कसली गोळी ते आलंच. कूस बदलली.

६ फेब्रु.
दाराला कडुलिंबाचा पाला. घरात फोडणी बंद. दीर बिनफोडणीची आमटी गिळतोय, तेवढंच बरं वाटलं.
शेजारची शेवंता आली. मालक गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या दारावरून तोंड फिरवून जाणारी. आज माझ्या पायांवर हळदकुंकू वाहिलं, वर डोकं टेकलं. "आईसाहेब, नातवाला सांभाळा." म्हटलं, सांभाळते. यांना विधवा चालत नाही, पुरळ चालतं.
ती गेल्यावर नगरच्या दवाखान्यातल्या नर्स ताईंना फोन. "पांढरी गोळी आत्ता बंद करा, बाकीच्या सोडू नका. तोंडात फोड आले तर जिवावर बेतेल, लगेच या." जीभ फिरवून पाहिली. आलेत.

७ फेब्रु., सकाळ
पिशवी घेऊन निघाले तर दीर दारात आडवा. "देवी अंगावर अस्ताना शीव वलांडायची न्हाई. दवाखाना तर न्हाईच. कोपली तर समदं घर जाईल." म्हणजे मी गेले तरी चालेल, घर राहिलं पाहिजे. हाच शहाणा सख्ख्या भावाला, माझ्या मालकांना, काविळीचा पाला पाजत बसला होता, शेवटपर्यंत. कावीळ नव्हतीच ती.
ओठ फुटलेत, पाणीही झोंबतं. मरायची भीती वाटतेय. आणि मरायचं तेही या बावळटांची देवी होऊन?

७ फेब्रु., दवाखान्यात
शेवटी त्यांचंच औषध त्यांना दिलं. डोळे मिटले, आवाज चढवला, "मला नगरला न्या. अडवाल तर बघा." दीर असा बाजूला सरला की बस. चपलासुद्धा पुढे करून ठेवल्या.
पण अक्का मागे लागली. "आईला एकली कशी धाडू?" एसटीत मांडीवर लिंबाची डहाळी, मला वारा घालत होती. लोक उठून जागा देत होते.
डॉ. म्हणाले, "ही गोळी सोसली नाही. वेळेत आलात. पुरळ उतरू द्या, मग रक्त तपासून दुसरी देऊ. न्यूमोनियापासून जपायलाच हवं." ठेवून घेतलं.
अक्का बाहेर बाकावर होती. डोक्यावर एचआयव्ही विभागाची पाटी, मोठ्या अक्षरांत. अक्काला वाचता येतं. नर्स सांगत होती, पाटी वाचली आणि उठून गेली. डहाळी बाकावरच.

१२ फेब्रु.
काल घरी. अंगाची साल निघतेय, ताप नाही. दारावरचा पाला तसाच. दीर विचारतो, "देवी उतरल्या का?" म्हणजे अक्काने त्याला सांगितलेलं नाही. का नाही? अक्का माझ्याकडे बघतच नाही.

१३ फेब्रु.
देवी उतरल्या की लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालायचं. घरातल्या थोरल्या बाईने, आपल्या हातांनी. शेवंता सकाळीच दारात, "कधी घालताय पानी?" अक्का म्हणाली, "घालते." चूल पेटवली.
या बाईची मला काडीची पर्वा नाही. डोळे मिटून आवाज चढवला की फसणारी बाई. तरी पाणी तापेपर्यंत तीनदा चुलीपर्यंत जाऊन आले. अंगाला हात लावील, की बादली ढकलून जाईल?
मोरीत बादली ठेवल्याचा आवाज आला. अक्का अजून मोरीतून बाहेर आलेली नाही.