नांदायला दिलेली

मांजलपूर, बडोदे
१२ ऑक्टोबर २०१८

ती. स्व. नानास,

विमलचा वाकून नमस्कार. वाकून असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. हल्ली वाकणं जमत नाही, तेव्हा बसल्या बसल्या केलेलाच गोड मानून घे. शालिनीवहिनींची शुगर आता कशी आहे? इथे नवरात्र बसलंय. सोसायटीतल्या बायका रोज "चालो ने विमलबेन, गरबा जोवा" म्हणून हाक मारून जातात. मी गॅलरीत खुर्ची टाकून वरूनच बघते. नंदूला रिफायनरीत सध्या दिवसपाळी आहे, त्यामुळे संध्याकाळी घरात माणसाचा आवाज असतो.

पत्र पाहून चक्रावला असशील. हाताशी फोन असताना ही बया कागद का काळे करतेय? काम तसं किरकोळ आहे. पुढच्या गुरुवारनंतर माझ्या गळ्याचं एक छोटं ऑपरेशन ठरतंय. गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, एरवी तुरीच्या डाळीएवढ्या. माझ्या फुगल्यात. त्या काढायच्या आणि एकीचा कणभर तुकडा उजव्या हाताच्या कातडीखाली लावायचा, म्हणजे शरीराचं काम अडत नाही. गळ्यातली वस्तू हातात कशाला, असं मी डॉक्टरांना विचारलं. तर म्हणाले, पुन्हा फुगली तर हातातून काढणं सोपं. पुढची सोय आधीच! दोन-चार दिवसांत घरी येईन.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते. पण तू आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलंस. ग्रंथी फुगल्या कशाने, हे तू विचारणारच. उजवाच हात का, हेही विचारशील.

उजवा, कारण डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचतात.

नाना, आता थांबत नाही, लिहूनच टाकते. तू मला दिलेली किडनी तीन वर्षांपूर्वी बंद पडली.

दर शनिवारी तुझा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं विमे, आमची पोरगी नांदते ना नीट?" मी म्हणते, "नांदते हो, काही तक्रार नाही." आणि तू खो खो हसतोस. तीन वर्षं मी हेच उत्तर देत आलेय, कधी कधी तर डायलिसिसहून नुकती दारात येऊन, पायातल्या चपलाही न काढता. माझ्याकडून हयगय झाली नाही रे. गोळी एकदासुद्धा चुकवली नाही. डॉक्टर म्हणाले, परक्या शरीरात एवढी टिकली हेच खूप. पण तुला सांगायला जीभ उचलेना. वहिनींचा विरोध पत्करून तू ती दिलीस. "शेवटी वायाच गेली ना?" एवढं त्यांच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

किडनी चालत नसली की या ग्रंथींना चेव येतो आणि त्या हाडांतलं कॅल्शियम उपसत सुटतात. अंगाला खाज सुटते, हाडं ठणकतात. गेल्या महिन्यात भरलेला कुकर उचलला आणि बरगडी मोडली. नंदू रडला त्या दिवशी. मग डोळे पुसून म्हणाला, "मामाला तू सांग, नाहीतर मी सांगतो. हवे बहु थयुं." आता फार झालं, असं. ऑपरेशननंतर म्हणे हाडं इतकी भुकेलेली असतात की रक्तातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतात. ओठांना मुंग्या येतात, हातपाय वळतात, मग कितीतरी दिवस शिरेतून कॅल्शियम देत राहावं लागतं. वर मी दोन-चार दिवस लिहिलं ते खोटंच. मला भीती वाटते, नाना. फार वाटते.

पण ती किडनी चालली ती अकरा वर्षं कशी गेली, तेही ऐक. नंदूच्या लग्नात मी पंगतीत वाढायला उभी होते. ह्यांचं शेवटचं दुखणं मी माझ्या हातांनी काढलं. आता पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. तेव्हा तहान लागली की माठाशी जाऊन तांब्या तोंडाला लावत होते. दर वेळी तुझी आठवण यायची, असं मात्र नाही. मी आजारी होते हेच साफ विसरले होते. याहून जास्त भाऊ बहिणीला काय देणार? हे वहिनींना वाचून दाखव. वाया गेली का, ते त्यांनीच सांगावं. त्या म्हणतील ते ऐकून घेईन.

परवा डॉक्टरांना विचारलं, आता भूल देणारच आहात, तर ती बंद पडलेली किडनीही काढून टाकणार का? ते म्हणाले, "शुं काम, बेन? नडती नथी. रहेवा दो." त्रास देत नाही, तर राहू द्या. इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत भीतीची आठवणही झाली नाही. ती आहे तिथेच आहे, पोटात उजवीकडे. मी जाईन तेव्हा बरोबर नेईन. तू मागितलीस तरी आता परत मिळायची नाही.

तुझी, आणि थोडी तूच,
विमल