खांद्यांचं माप

मुलीच्या बाबास,

'प्रिय' लिहायची सवय मोडली आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. शाळेच्या निरोप समारंभासाठी लेकीनं जुन्या कपड्यांच्या दुकानातून निळा ड्रेस आणला. "आई, माझ्या मापाचा करून दे गं," म्हणाली. दिवसभर मशीनवर बसून मी लोकांच्या मुलींचे कपडे शिवते, मापं दोन-दोनदा घेते. घरच्या मुलीला टेप लावायची मात्र गरज वाटली नाही. ती हुबेहूब माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात, आणि मीही तेच धरून चालले. माझाच ड्रेस वर ठेवून खांदे बोटभर आत घेतले आणि जादाचं कापड कापून टाकलं.

ड्रेस तिच्या खांद्यांवर बसेचना. जरा ओढला तर टर्रकन उसवला. मी ओशाळले. ती आरशात बघत म्हणाली, "आई, हे खांदे कुणाचे गं?"

तू गेल्यापासून नऊ वर्षं मी असल्या प्रश्नांना बगल देत आले. या वेळी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, "तुझ्या बाबाचे."

"हं," एवढंच म्हणाली. मग मी माप घेईपर्यंत ताठ उभी राहिली.

आता खांद्यांना जोड दिला आहे, इथेच राहिलेल्या तुझ्या निळ्या शर्टाचा. शर्ट कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. मी तो इतकी वर्षं का ठेवला, हे तू विचारशील. म्हणूनच हे पत्र टपालपेटीत पडणार नाही.

तिची आई