पडदा लावा!

३ डिसेंबर
शाळांच्या गायन स्पर्धेचं परीक्षकपद स्वीकारलं. डोक्यात तिडीक गेली म्हणूनच. गेल्या वर्षी पहिला नंबर कुणाला? हातवारे करणाऱ्या पोराला! सोबतचा परीक्षक तेव्हाचाच, ऑर्केस्ट्रावाला. त्याचा एकच निकष, टाळ्या. यंदा निकष माझे. सूर पन्नास, ताल तीस, उच्चार वीस. हावभाव शून्य.

५ डिसेंबर
मीटिंग. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, लहान आहेत हो, जरा सांभाळून घ्या. सांभाळून घेऊनच गाण्याचं वाटोळं झालंय, असं सुनावलं. मग ऑर्केस्ट्रावाल्याने पिल्लू सोडलं, सरांची भाचीपण आहे ना स्पर्धेत? टेबलावर मूठ आपटली. चहा त्याच्या पँटवर सांडला. वाईट वाटलं नाही. गरजलो, पडदा लावा! नाव नको, तोंड नको, नुसता नंबर. लगेच मान्य झालं.
माझ्या गाण्याच्या क्लासला सध्या भाची एकटीच आहे. बाकीच्यांना शिस्त झेपली नाही. ती जिंकली की रांग लागेल. पक्षपात अर्थातच करणार नाही. गरजच नाही.

७ डिसेंबर
भाची म्हणते, मामा, घसा दुखतो, खालची पट्टी घेऊ का? ओरडलो. दुखतंय म्हणजे सुधारतंय. बायको आतून म्हणाली, ऐका की जरा तिचं. या घरात कान फक्त मला आहेत.

१० डिसेंबर, सकाळ
आज स्पर्धा. अजिबात चिडायचं नाही.

१० डिसेंबर, सकाळीच, थोड्या वेळाने
माइकवाला मूर्ख आहे.

१० डिसेंबर, संध्याकाळ
चार नंबर ऐकताक्षणी ओळखला. मोकळा, भरलेला आवाज. भाचीच! माइकवरून म्हणालो, तालीम लपत नाही, हिच्या गुरूंना माझा नमस्कार.
नऊ नंबरला पारा चढला. ताणून ताणून काढलेला सूर. भर सभागृहात बोललो, पोरी, आवाज तुझा गोड आहे, शिकवणाऱ्याने त्याचा गळा दाबलाय. आधी गुरू बदल! टाळ्यांचा कडकडाट. टाळ्यांचं मला कौतुक नाही, पण या योग्य होत्या.
मग पडदा सरकवला. चार नंबर कुणाकडेच शिकत नाही. नऊ नंबर, भाची. तिची मान खाली.
ऑर्केस्ट्रावाला हसला नाही. उलट पाण्याचा ग्लास पुढे केला. नालायक!

१२ डिसेंबर
पडदा जाड होता. जाड कापडातून आवाज बदलतो. माइकवाल्याला फोनवर झापलं. त्याने फोन ठेवून दिला.
भाची क्लासला आली नाही. घसा बसला असेल.

१४ डिसेंबर
भाची आली. वाटलं, रडेल. समजूत काढायची तयारी ठेवली होती. रडली नाही. म्हणाली, मामा, तुम्ही सांगितलंत तसं केलं, उद्यापासून ऑर्केस्ट्रावाल्या सरांकडे जातेय. वाकून नमस्कार केला आणि गेली.
अख्ख्या स्पर्धेत माझा शब्द मनावर घेणारी ही एकटीच निघाली.
भयंकर राग आलाय. कुणाचा, ते ठरत नाही.