एकाआड एक पानं

व्हेनिस, १२ एप्रिल १४९७

ती. ताईस, धाकट्या ओर्सीनाचा सा. न. वि. वि.

बाबा एकदा आपल्या दोघींना म्हणाले होते, पाणी गढूळ लागलं तर वरच्या अंगाला जा, उगमाशी ते स्वच्छच असतं. ते ग्रंथांविषयी बोलत होते. तू तेरा वर्षांची होतीस आणि तुला ते लगेच कळलं होतं. मला आत्ता कळतंय.

आमच्या छापखान्यात त्या प्राचीन ग्रीक वैद्याचा वनस्पतींवरचा ग्रंथ छापायला घेतलाय. तीन जुन्या हस्तलिखितांवरून पाठ मी जुळवते, नाव अर्थात गास्पारेचं लागेल. बायकोचं नाव वाचून कोण विकत घेणार, असं तो हसत म्हणतो आणि मीही हसते. पण रोज सकाळी ती पानं पुढ्यात घेतली की वाटतं, ही बैठक ताईची होती. बाबांना हुंडा एकीपुरताच जमला, आणि जिचं ग्रीक चांगलं तीच मठात गेली.

आता मुख्य बातमी. तुमच्या औषधांच्या कोठीतून पोटदुखीवर जे कडूमूळ देता, ते खरं कडूमूळ नव्हेच! नकलांवर नकला करताना कुणीतरी घोळ घातलाय. मूळ ग्रंथात स्वच्छ लिहिलंय: पानं रुंद, शिरा ठळक, जागा उंचावरची आणि ओलसर. तुमच्या परसातल्याची पानं तर नखाएवढी. आमच्या लाझ्झारो चित्रकारानं काढलेलं चित्र सोबत धाडते. पानावरचं दव पुसावंसं वाटेल, इतकं जिवंत आहे. तसं मूळ आणवून बघ, आणि आता तरी धाकटीला शहाणी म्हण.

तुझा लोभ माझ्यावर आहे, तेवढाच पुढेही राहू दे.

तुझी ओर्सीना


मोदेनाच्या डोंगरातला मठ, २८ मे

चि. सौ. ओर्सीना हीस ताद्देआचे अनेक आशीर्वाद.

शहाणी म्हटलं, जा. चित्र कोठीच्या दारावर लावलंय. येणारीजाणारी प्रत्येक सिस्टर त्याला बोट लावून बघते.

फक्त मेंगाला ते पटलेलं नाही. मेंगा म्हणजे आम्हाला डोंगरातून मुळ्या आणून देणारी म्हातारी. ती तासभर भांडली. म्हणाली, ग्रंथाला पोट असतं का दुखायला? त्या ग्रीकबाबाला म्हणावं, एकदा चढण चढून ये. तिचं म्हणणं, वरच्या कुरणात रुंद पानांची दोन झाडं आहेत आणि फुलं येईपर्यंत ती सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. एकीची पानं समोरासमोर, जोडीनं. दुसरीची एक इकडे, एक तिकडे. तिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

ग्रंथाची आमच्याकडची नक्कल मी पुन्हा वाचली. जोडीविषयी त्यात अक्षर नाही. तुझ्या चित्रात मात्र पानं एकाआड एक आहेत, म्हणून तसंच झाड खणून आणायला सांगितलं. मेंगा छातीवर क्रूसाची खूण करून, माझ्याकडे न बघता गेली.

गाणारी बेनवेनूता तुला आठवते का? तिचं पोट वरचेवर दुखतं. पहिली मात्रा तिलाच देईन.

थंडीचा खोकला गेला का? जीव जपून काम कर. माया आहेच.

ताद्देआ


मठ, २१ जून

चि. सौ. ओर्सीनास आशीर्वाद.

बेनवेनूता गेली. सकाळी मात्रा दिली. आधी तोंड भाजतंय म्हणाली, मग जीभ बधिर झाली, मग उलट्या. नाडी माझ्या बोटांखाली मंद मंद होत गेली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सगळं संपलं. एकतीस वर्षांची होती.

मठमातांना मी सांगितलं की ग्रीक वाचून अर्थ मीच लावला. तुझं चित्र मीच चुलीत घातलं; ते कुठून आलं होतं, हे इथं कुणाला ठाऊक नाही. कोठीच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत, पुस्तकांना हात लावायची मनाई आहे. आता धुण्याच्या खोलीत असते. तक्रार नाही. मेंगानं सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही, ही चूक माझीच.

तू मठमातांना काहीही लिहायचं नाहीस. अशा गोष्टी तुझ्या पत्रांतून येतात हे कळलं, तर पत्रं बंद होतील. माझ्याजवळ आता तेवढीच उरली आहेत. फक्त ते चित्र छापू नका.

ताद्देआ


व्हेनिस, १७ जुलै

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

ज्या ठशावरून चित्र छापणार होतो, तो लाकडी ठसा मी गास्पारेसमोर फोडला. तो आधी ओरडला. ग्रंथात चूक नाही म्हणाला. ते खरंच आहे, ताई, आणि म्हणूनच मला गिळवत नाही. पानं कशी लागतात, याविषयी त्या वैद्यानं काहीच लिहिलेलं नाही. लाझ्झारोनंही झाड कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पहिल्या खेपेला पानं जोडीनंच काढली होती. चित्र ताठ दिसतं, देवळाच्या खांबासारखं, असं मी म्हणाले. एकाआड एक काढ, म्हणजे डहाळी वाऱ्यात असल्यासारखी दिसेल, असं मी सांगितलं. तू ज्यावर विसंबलीस ते ग्रीक नव्हतं. ती माझी हौस होती.

हे मी गास्पारेला सांगितलं. तो म्हणाला, हे कुणापुढे बोलू नकोस, छापखाना बुडेल. लाझ्झारो परवा तुमच्या डोंगराकडे निघतोय. झाड समोर असल्याशिवाय आता रेघ ओढणार नाही म्हणतो. पण त्यानं बेनवेनूताचं काय होणार, आणि तुझं तरी काय?

मी इथं ग्रंथांत बसलेय आणि तू चादरी पिळतेस. एकदा बाबांच्या हुंड्यापायी तुझी जागा मी घेतली. आता माझ्या पापात माझी जागा तू घेतलीस. दोन्ही वेळा मी गप्प राहिले, तर मला माणूस कोण म्हणेल?

लाझ्झारोबरोबर हे पत्र धाडते. आत मठमातांच्या नावे दुसरं आहे, उघडंच ठेवलंय. चित्र कुणी बदलायला लावलं, का लावलं, सगळं त्यात आहे, खाली माझी सही आहे. तुझ्या पाठीमागे मी ते पोचवणार नाही. आपली पत्रं बंद होतील, हे मला ठाऊक आहे. तू नाहीच म्हणशील, हेही ठाऊक आहे. तरी पाया पडून मागते, ताई, तुझ्या हातानं ते त्यांना नेऊन दे.

ओर्सीना