डोंगरावरच्या गारा आणि बरक्याची वाळू

तीर्थरूप सौ. विद्याताईस,

ओमानातल्या बरक्याहून बाळकृष्णाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो की अजून भांडतो ते कळव. भावजींची पाठ बरी असेल असं धरून चालतो, कारण दुखत असती तर त्यांनी मला स्वतः फोन करून सांगितलं असतं. माझी प्रकृती उत्तम आहे. हात, पाय, दात, सगळं जागच्या जागी आहे. गेल्या शनिवारी सकाळी आठच्या सुमारास याची मला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितो.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुझा फोन सदा स्पीकरवर असतो, ताई. मागच्या वेळी मी माझ्या पोटाच्या तक्रारीबद्दल बोललो आणि मधूनच शेजारच्या काकूंनी ओव्याचा काढा सांगितला. (काढा लागू पडला, ते वेगळं.) माझ्या खोलीतला जितेश सुट्टीवर निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

माझं काम तुला ठाऊकच आहे. मी शॉवेल चालवतो, म्हणजे आपल्याकडच्या जेसीबीचा थोरला भाऊ. आमचा ठेकेदार इथल्या नगरपालिकेचे रस्ते साफ करतो. वारा सुटला की रस्त्यावर वाळू येते, ती काढायची. पाऊस पडला की वादी वाहते (वादी म्हणजे वर्षभर कोरडा असणारा आणि एक दिवस वेडा होणारा ओढा), मग चिखल येतो, तो काढायचा. काढलेलं दुसऱ्या वाऱ्याला परत येतं. आठ वर्षं मी तीच वाळू काढतोय असा मला दाट संशय आहे. पण बरक्याची जमीन परातीसारखी सपाट आहे आणि सपाट जमिनीवर माझ्यासारखा ऑपरेटर शोधून सापडायचा नाही.

तर शुक्रवारी दुपारी आमचे सुपरवायझर हसन कॅम्पवर आले. ओमानी माणूस, सावकाश बोलणारा. जबल अख्दरवर, म्हणजे इथून दोन-अडीच तासांवरच्या उंच डोंगरावर, गारा पडल्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, रस्ते बुजले होते, आणि तिथल्या शॉवेलचा पाइप फुटला होता. हसननी आम्हा सहा जणांना विचारलं, डोंगरात मशीन कोणी चालवली आहे? सगळे इकडेतिकडे बघू लागले. दिलशाद तर चपलेचा अंगठा तपासू लागला. (तो आमचा सर्वांत जुना ऑपरेटर, एरवी त्याने काय काय चालवलंय ते ऐकून घ्यावं.) आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं, मी चालवली आहे, आमच्याकडे घाट असतात. वळून पाहिलं तर तो मीच होतो.

ताई, घाट असतात हे खोटं नाही. आंबा घाटातून मी कोल्हापूरला लग्नाला गेलोय. एसटीत, खिडकीशी, नाकाला लिंबू लावून. पण हसन इतक्या आशेने बघत होते की लिंबाचं सांगायला तोंड उघडेना.

मशीन ट्रेलरवर चढवली, रात्री डोंगराच्या पायथ्याशी झोपलो आणि पहाटे वर निघालो. थंडी अशी की मी दोन पँटी, दिलशादने दिलेली माकडटोपी आणि त्यावर हेल्मेट घातलं होतं. (फोटो काढलेला नाही, मागू नकोस.) वर पोचलो तर सगळा रस्ता पांढरा. मला वाटलं, कुणी मिठागर उपसून इथे आणून टाकलंय. हसननी काम समजावलं. मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत एक वस्ती, तिच्या शेवटच्या घरात खतिजा नावाची म्हातारी. तिचं रक्त आठवड्यातून तीनदा खाली निझव्याच्या इस्पितळात मशीनवर धुवावं लागतं. शनिवारचा दिवस ठरलेला, अकराची वेळ. गुरुवारी ती जाऊन आली होती, आज चुकलं तर पाय सुजायला लागतात, श्वास लागतो. मुलगा पिकअप घेऊन तयार होता, रस्ता तेवढा नव्हता.

हे ऐकल्यावर लिंबाचं सांगून टाकावं असं वाटलं. पण तेव्हा परत फिरणं म्हणजे आणखी वाईट, म्हणून म्हटलं यल्ला, म्हणजे चला, आणि बादली खाली घेतली.

पहिले दोन किलोमीटर फार छान गेले. गारा वाळूपेक्षा हलक्या, आवाजही गोड, पोहे परातीत ओतल्यासारखा. मी गाणं म्हणू लागलो होतो. मग उतार आला. डाव्या हाताला डाळिंबाची शेतं, पायऱ्यापायऱ्यांनी थेट खाली दरीपर्यंत. मी ब्रेक लावला आणि मशीनने तो मनावर घेतला नाही. चौदा टनांचं धूड, ताई, आवाज न करता, लग्नातल्या म्हाताऱ्या बाईसारखं सावकाश कडेकडे सरकत निघालं. इतकं सावकाश, की मला वाघजाईला पूर्ण गाऱ्हाणं घालता आलं. नारळ, ओटी, सगळं बोलून झालं, एक कोंबडासुद्धा कबूल केला. मग मागचं चाक मीच दोन मिनिटांपूर्वी कडेला लोटलेल्या गारांच्या ढिगाला टेकलं आणि मशीन थांबली. तिथून कड चार हातांवर होती.

हसन धावत आले, म्हणजे त्या गारांवर जितकं धावता येतं तितकं. दार उघडलं. मग हिंदीत विचारलं, बाला, डोंगरात किती वर्षं चालवलीस? मी म्हटलं, एकही नाही साहेब, मी खोटं बोललो. त्यावर ते म्हणाले, ते मला कालच कळलं होतं. मी विचारलं, मग आणलंत कशाला? तर म्हणाले, "खरं बोलणारे पाचही जण बरक्यात बसलेत. खोटं बोलणारा तरी आला."

मी खाली उतरलो. चाकाला धरून उभा राहिलो, आणि तेव्हा मला चाकाखाली काय आहे ते नीट दिसलं. नुसत्या गारा, काचेवर ओतलेल्या साबुदाण्यासारख्या. याला वाळू पाहिजे, असं माझ्या मनात आलं. रस्त्याच्या उजव्या अंगाला कापलेल्या डोंगराची भुसभुशीत माती आणि खडी पडली होती. हसन आणि मी फावड्याने आधी चाकांपुढे तीच टाकली. मशीन हलली, मग बादलीने भरभरून उतारावर पसरत मी पुढे गेलो. आठ वर्षं रस्त्यावरची वाळू काढणारा मी त्या दिवशी रस्त्यावर वाळू घालत होतो, आणि पगार तोच.

उताराच्या तळाशी एक मोठी गाडी आडवी. मस्कतचं कुटुंब, राजीव आणि किशोरी, आणि आठ-नऊ वर्षांची रेवा. बर्फ बघायला म्हणून आदल्या दिवशी वर येऊन राहिलेले, पहाटे वस्तीकडून या रस्त्याला लागले आणि घसरून अडकले. पण काळजी नाही, तिघं मिळून रस्त्याच्या मधोमध गारांचा माणूस करत होते. राजीवनी मला हिंदीत सांगितलं, भैया, पंधरा मिनिट रुक जाओ. मी मराठीत जे पुटपुटलो ते इथे लिहीत नाही, पण ते एकदम म्हणाले, अहो, तुम्ही आपल्याकडचे का? मी म्हातारीचं सांगितलं.  त्यावर त्या माणसाने, इस्त्रीच्या पँटीतच, खाण्याचा डबा रिकामा केला आणि डब्याने चाकांखाली माती टाकू लागला. किशोरीताई हातांनी टाकत होत्या. गाडी निघाली. राहिला गारांचा माणूस. रेवा जरा अडखळत म्हणाली, "काका, तुम्ही त्याला पण... थ्रो करणार?" आता काय करायचं? मी बादली जमिनीसरशी घातली, त्याला अख्खा उचलला आणि डाळिंबाच्या बांधावर नेऊन ठेवला. आठ वर्षांतलं माझं सगळ्यांत नाजूक काम. हसन घड्याळाकडे बघत होते.

साडेनऊला खतिजाच्या दारात पोचलो. मला वाटलं, आता आशीर्वाद मिळणार. म्हातारी काठी टेकत बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या फाटकाकडे पाहिलं आणि बोलू लागली. मला अरबीचे चाळीस शब्द येतात, त्यातले तीस मशीनचे. तरी प्रत्येक शब्द कळला. रस्ता साफ करता करता मी सगळा ढीग तिच्याच फाटकापुढे रचला होता, कमरेइतका. रस्ता मोकळा आणि पिकअप आत. दहा मिनिटं ती काठीने दाखवत गेली आणि मी ढीग हलवत गेलो. जागा तिला पसंत पडायला तीन खेपा लागल्या. मग ती मुलाच्या आधाराने गाडीत बसली. तिचे पाय तेव्हा मी पाहिले, घोट्याशी सुजून चपलेबाहेर आले होते. गाडी माझ्या मातीवरून उतार चढून वर गेली, जराही घसरली नाही. ती वळणाआड होईपर्यंत मी बघत होतो. अकरा वाजून पाच मिनिटांनी मुलाचा हसनना फोन आला, पोचलो, मशीन लावली. हसन म्हणाले, खलास, म्हणजे इकडे काम झालं. मी तिथेच गारांवर बसलो. दोन पँटी होत्या म्हणून बरं.

संध्याकाळी म्हातारी परत आली, चेहरा उजळलेला, आणि मला दारात बसवून कॉफी आणि खजूर दिले. ढीग अजून थोडा डावीकडे हवा होता, असंही म्हणाली.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वाघजाईला नारळ आणि ओटी तुझ्या हातून होऊ दे. कोंबड्याचं मी येऊन बघतो.

तुझा,
बाळकृष्ण

ता. क. येण्यावरून आठवलं. डोंगरावरच्या लोकांनी मला मार्चअखेरपर्यंत मागून घेतलंय. हसननी विचारलं, मी इन्शाल्ला, म्हणजे देवाने ठरवलं तर, असं म्हटलं, आणि त्यांनी ते हो असं लिहून टाकलं. म्हणजे शिमग्याला माझं येणं होत नाही. हे सुगंधाला तू सांग. घर माझं, बायको माझी, पण तिला हे सांगण्याची माझी छाती नाही. खरं म्हणजे वरची सगळी पानं एवढ्याचसाठी लिहिली. आधी म्हातारीचं सांग, मग शिमग्याचं. उतारावरचं सांगूच नकोस.

ता. क. २. जितेश आत्ता पत्र न्यायला आला. म्हणतो, वहिनींना मी परवाच फोनवर सांगितलं, शिमग्याचंही आणि घसरल्याचंही. मी चार दिवस तिचा फोन टाळतोय आणि तिने रागाचं अवाक्षर काढलं नाही म्हणे. एवढंच विचारलं, की वर डोंगरावर अंगात घालायला काय आहे. तेव्हा ताई, बाकी सगळं राहू दे. माझं माप तिला छत्तीस वाटतं, ते आता चाळीस आहे, तेवढं सांग. स्वेटर विणायला बसली असेल, लोकर कमी पडायला नको.